ओझे कोणी वाहावे?

मराठी भाषेत ओझ्यासाठी शब्दांची उणीव नाही. डोक्यावर घेतो ते ओझे, मनावर येतो तो भार, सातबाराच्या उताऱ्यावर चढतो तो बोजा आणि गाडीत भरतो तो माल. एकच पोते हमालाच्या पाठीवर असते तेव्हा ओझे असते, व्यापाऱ्याच्या वहीत उतरते तेव्हा माल होते आणि ते पिकविण्यासाठी काढलेले कर्ज फिटले नाही तर त्याचाच बोजा होतो. वस्तू तीच, ती कोणाच्या अंगावर आहे यावरून तिचे नाव ठरते. भाषेने केलेली ही विभागणी आम्हांला नीतिशास्त्राच्या एखाद्या प्रकरणाइतकी मोलाची वाटते. आज जगापुढे एक नवे ओझे येऊन पडले आहे आणि त्याविषयी बोलताना आपण नेमका हाच प्रश्न टाळतो: ते कोणाच्या अंगावर आहे आणि कोणाच्या वहीत?

हे नवे ओझे धुराचे आहे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर डिझेलचे वजन किलोभरही नसते, मग त्यातून एवढा वायू कसा निघतो, असे कोणी विचारील. इंधनातील कर्ब हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि वजन वाढते ते त्या प्राणवायूमुळे. या वायूला रंग नाही, वास नाही. त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे वातावरणात राहतो. मालमोटारीच्या नळीतून निघणारा काळा धूर सर्वांना दिसतो, त्याची तक्रारही होते. न दिसणाऱ्या धुराची तक्रार करण्यास मात्र अजून जन्माला न आलेली माणसे येऊ शकत नाहीत.

नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील एकूण वाहनांत मालमोटारींचे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. परंतु वाहतुकीतून बाहेर पडणाऱ्या कर्बवायूपैकी सुमारे एकतृतीयांश वायू त्यांच्यामुळे बाहेर पडतो. देशातील सुमारे ७० टक्के माल रस्त्यानेच जातो. हा सारा पसारा ज्या खनिज तेलावर चालतो, त्यापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण परदेशांतून आणतो. आखातात युद्धाची ठिणगी पडली की तिची धग आपल्या मंडईपर्यंत पोहोचते, ती या मार्गाने. तेव्हा मालवाहतुकीतील धूर घटविला पाहिजे आणि परक्या तेलावरचे अवलंबित्व कमी केले पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. दुमत त्याच्या पुढे आहे. हे कोणी करावे? त्याची किंमत कोणी मोजावी?

या प्रश्नाचा विचार करण्यास अहमदनगर जिल्ह्याइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. २०२४ पासून या जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले असले, तरी रस्त्यांची वीण जुनीच आहे. पुणे, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, कल्याण, बीड, सोलापूर, दौंड अशा सर्व दिशांचे रस्ते या शहरात येऊन मिळतात. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. त्यानंतर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ गाडीही याच मार्गावर सुरू झाली. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था नगरला आहे आणि नव्या मोटारी शासकीय नियमांत बसतात की नाही, याच्या चाचण्याही तेथे होतात. म्हणजे नवे यंत्र किंवा नवे इंधन येथील माणसाला परके नाही. असे असूनही त्या ‘शिवाई’च्या मागेपुढे, त्याच रस्त्यावर ज्या मालमोटारी धावतात त्या बहुतेक साऱ्या डिझेलवरच चालतात. माणसे नेणारी गाडी बदलू लागली. माल नेणारी तशीच राहिली. असे का व्हावे?

उत्तर यंत्रात नाही, मालकीत आहे. एसटीच्या पाठीशी महामंडळ आहे, महामंडळाच्या पाठीशी शासन आहे. गाडीचा मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली, रात्री उभी राहण्याचे आगार ठरलेले. मालमोटारीचे यांपैकी काहीच ठरलेले नसते. आपल्या देशातील बहुसंख्य मालमोटारी एक-दोन किंवा चार-पाच गाड्या असलेल्या लहान मालकांच्या आहेत. पुष्कळदा मालक हाच चालक असतो. गाडी कर्जाची; कर्ज फिटेपर्यंत नोंदणीपुस्तकावर वित्तसंस्थेचा बोजा. आजचा माल कोठे न्यायचा हे ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात सकाळी कळते आणि परतीचे भाडे मिळेल की नाही हे तेथे पोहोचल्यावर. परतीचा माल मिळाला नाही तर रिकामी गाडी डिझेल जाळीत घरी येते, किंवा दोन-तीन दिवस परक्या गावात उभी राहते आणि हप्त्याची तारीख मात्र उभी राहत नाही. अशा माणसाला आपण म्हणतो: तुझी गाडी जुनी आहे, ती मोडीत काढ, स्वच्छ इंधनाची नवी घे.

थोडा हिशेब मांडून पाहू. घोडेगावच्या बाजारातून १६ टन कांदा घेऊन एक मालमोटार वाशीच्या बाजाराकडे निघाली, असे धरू. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरमागे चार किलोमीटर चालली तर ६२ लिटरच्या आसपास डिझेल लागेल आणि १६० किलोंहून अधिक कर्बवायू बाहेर पडेल. किलोभर कांद्याच्या वाट्याला त्यापैकी सुमारे १० ग्रॅम येतील. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरला तर खर्च सुमारे ५,६०० रुपये, म्हणजे किलोमागे ३५ पैसे. आता असे समजू की हाच प्रवास स्वच्छ रीतीने करण्यास इंधनखर्चाच्या चौथाईइतका जादा खर्च येतो. ही रक्कम झाली १,४०० रुपये. खाणाऱ्यांमध्ये ती वाटली तर किलोला ९ पैसेही होत नाहीत. आठवड्याला दोन किलो कांदा लागणाऱ्या कुटुंबाला वर्षाकाठी सुमारे ९ रुपये पडतात. तेच १,४०० रुपये एकट्या मालमोटारवाल्याच्या खेपेतून वजा झाले, तर त्याच्या हाती उरणारी रक्कम बव्हंशी तेथेच संपते.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. गाडी, वाट आणि दर बदलले की तेही बदलतील. त्यांतून दिसणारी गोष्ट मात्र बदलत नाही. वाटून घेतले तर जे ओझे जाणवणारही नाही, तेच एका माणसावर टाकले तर त्याची कंबर मोडते. म्हणून उत्सर्जन घटविण्याचा प्रश्न हा आधी वाटणीचा प्रश्न आहे, यंत्राचा त्यानंतर.

येथे कोणी म्हणेल की वाटणी बाजार आपोआप करील; मालमोटारवाल्याचा खर्च वाढला की तो भाडे वाढवील, व्यापारी दर वाढवील आणि अखेर खाणारा पैसे देईल. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे ठीक आहे. नगर जिल्ह्यातील कांदा उत्पादकाच्या हाती पडणारी पट्टी पाहिली म्हणजे वेगळे चित्र दिसते. त्या पट्टीत हमाली वजा होते, तोलाई वजा होते. माल दूरच्या बाजारात धाडला असेल तर मोटारभाडे वजा होते आणि उरेल ते शेतकऱ्याचे. कधी कधी काही उरतच नाही. भाडे वाढले तर ते वर चढून शहरातील ग्राहकापर्यंत जाण्याऐवजी खाली घसरून पिकविणाऱ्याच्या अंगावर येण्याचा संभव अधिक. पाण्याला जसा उतार असतो तसा ओझ्यालाही असतो. जो बोलू शकत नाही, थांबू शकत नाही, नाकारू शकत नाही, त्याच्याकडे ते वाहत जाते. नाशवंत माल घेऊन बाजारात उभा असलेला शेतकरी थांबू शकत नाही. हप्ता डोक्यावर असलेला मोटारवाला भाडे नाकारू शकत नाही.

उसाचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले आणि पुढे प्रवरा, गोदावरी, मुळा यांच्या पाण्यावर या जिल्ह्यात कारखान्यांची रांगच उभी राहिली. आज यांतील अनेक कारखान्यांच्या आसवनींतून इथेनॉल निघते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक उपक्रम २००१ साली ज्या मोजक्या ठिकाणी हाती घेण्यात आला, त्यांत मिरजेबरोबर आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरील मनमाडही होते. २००३ साली ५ टक्के मिश्रणापासून सुरू झालेली ही वाटचाल २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोहोचली. परदेशी तेलाची तेवढी बचत झाली आणि उसाला साखरेखेरीज दुसरी वाट मिळाली. हे यश लहान नाही.

पण हे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते. डिझेलशी ते सहजासहजी एकजीव होत नाही. थोडे पाणी शिरले तरी दोन्ही द्रव वेगळे होतात. आणि आपल्या देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे ज्या उसापासून स्वच्छ इंधन होते, तो ऊस फडातून कारखान्यापर्यंत आणणारा ट्रॅक्टर डिझेल जाळतो, मालमोटार डिझेल जाळते आणि तयार झालेले इथेनॉल डेपोकडे नेणारा टँकरही डिझेलच जाळतो. शिवाय ऊस पाण्यावर वाढतो आणि पाणी पावसावर अवलंबून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी झाल्याने साखरेचे उत्पादन घटेल या चिंतेने, केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले होते. हवामान बिघडू नये म्हणून जे इंधन करायचे, त्याचा आधारही हवामानच. हे विसरून चालणार नाही.

उसाच्या वाहतुकीत आणखी एक नैतिक गुंता आहे. पूर्वी झोनबंदी होती. कोणत्या गावाचा ऊस कोणत्या कारखान्यात जायचा हे ठरलेले असे. १९९० च्या दशकात ती उठली आणि अधिक दर देईल त्या कारखान्याला ऊस घालण्याची मोकळीक शेतकऱ्याला मिळाली. ही मोकळीक न्याय्यच होती. आपल्या घामाचे मोल ठरविताना माणसाला दोन दारे ठोठावता आली पाहिजेत. पण तिचा एक परिणाम हंगामात रस्त्यावर दिसतो. एका कारखान्याच्या दारावरून ऊस दुसऱ्याकडे जातो आणि दुसऱ्याच्या शेजारचा पहिल्याकडे येतो. दोन भरलेल्या गाड्या वाटेत एकमेकींना ओलांडून जातात. तोडणी व वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून कापला जातो आणि ही कपात पुष्कळ ठिकाणी सरासरीने होते. त्यामुळे कारखान्याच्या कुंपणालगत ज्याचे शेत आहे, तो शेतकरी दूरवरून आलेल्या उसाच्या डिझेलचाही भागीदार होतो. एकाच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याने नकळत मोजावी, हे सहकाराच्या तत्त्वात कसे बसते, याचा विचार सहकाराच्या या मायभूमीत व्हावयास हवा.

मग बैलगाडीकडे परतावे काय? तसा सूर अधूनमधून ऐकू येतो आणि ऐकायला तो गोडही वाटतो. टायरची बैलगाडी दोन-अडीच टन ऊस आणते आणि तिला डिझेलचा थेंब लागत नाही. धुराच्या कोष्टकात तिच्यापुढे जवळजवळ शून्य लिहावे लागेल. परंतु त्या शून्यात पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू गावांतून आणि बीड जिल्ह्यातून आलेले जोडपे बसत नाही. त्या धंद्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दोघे थंडीत पहाटेच फडात उतरतात. कारखान्याच्या दारात गाडी रिकामी होईपर्यंत बैलांसह रात्र काढतात. त्यांच्या मुलांची शाळा हंगामापुरती सुटते आणि कधी कायमची सुटते. जेथे ऊस मालमोटारीत भरतात, तेथे उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वर चढावे लागते. त्या व्यवस्थेला साखरपट्ट्यात ‘डोकी सेंटर’ असे नाव आहे. माणसाच्या डोक्याचे इतके उघड मोजमाप दुसऱ्या कोणत्या धंद्याने क्वचितच केले असेल.

धूर कमी झाला म्हणजे अन्यायही कमी झाला, असे समजता येत नाही, हे बैलगाडी आपल्याला शिकविते. ओझे यंत्रावरून उतरवून माणसाच्या किंवा मुक्या जनावराच्या मानेवर ठेवणे ही प्रगती नव्हे आणि पुण्यही नव्हे. ज्या उपायाने वातावरण स्वच्छ होते पण कोणाची तरी पाठ वाकते, तो उपाय अर्धाच समजला पाहिजे.

याच्या उलट टोकाचा एक युक्तिवाद आहे, तोही तपासू. आम्हांवर हे बंधन कशाला, असे अनेकजण विचारतात. भारतातील माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू बाहेर पडतो, तर अमेरिकेतील माणसामागे १४ टनांच्या आसपास. दीड-दोन शतके ज्यांनी कोळसा व तेल जाळून संपत्ती साठविली, त्यांनी आधी आवरावे; आम्हांला वाढू द्यावे. हा युक्तिवाद आम्हांला न्याय्य वाटतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातही श्रीमंत व गरीब देशांच्या जबाबदाऱ्या सारख्या नाहीत, हे स्पष्टपणे मांडले आहे आणि सृष्टीची हानी व गरिबांची हानी हे दोन निराळे प्रश्न मानू नयेत, असेही प्रतिपादिले आहे.

पण न्यायाचे माप परक्यांसाठी एक आणि घरच्यांसाठी दुसरे असू शकत नाही. जो देश जगाच्या सभेत ‘ज्याने अधिक उपभोगले त्याने अधिक सोसावे’ असे म्हणतो, त्याने हेच तत्त्व आपल्या राज्यात, आपल्या जिल्ह्यात, आपल्या बाजारसमितीत लावले पाहिजे. तसे झाले नाही तर गरीब हा शब्द आपण ढालीसारखा वापरतो, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक परिषदेत नगरच्या मोटारवाल्याच्या गरिबीचा दाखला द्यायचा आणि घरी परतल्यावर वाढीव शुल्काची पावती त्याच्याच हातात ठेवायची, हे नीतीला धरून नाही. जुन्या मालमोटारींच्या योग्यता-तपासणीचे शुल्क २०२२ पासून वाढले, त्यामागचा हेतू चांगला होता. जुनी गाडी अधिक धूर ओकते हेही खरे. पण जुनी गाडी हौसेने कोणी चालवीत नाही.

याचा अर्थ मोटारवाल्याचे काहीच कर्तव्य नाही, असा मात्र नव्हे. गरिबीमुळे माणूस सर्व जबाबदारीतून मोकळा होतो असे म्हणणे हा त्याचा गौरव नसून अपमान आहे. धुराचा पहिला बळी तोच आहे. आठ-दहा तास त्या धुरात बसणारा दुसरा कोण असतो? पाऊस लहरी झाला की पहिला फटका बसतो तोही पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीच्या कोरडवाहू शिवाराला आणि पुष्कळ चालक याच शिवारांतून आलेले असतात. टायरमध्ये पुरेशी हवा राखणे, वेग आवरणे, उभ्या गाडीचे यंत्र बंद करणे, क्षमतेबाहेर माल भरण्यास नकार देणे, एवढे त्याच्या हाती आहे आणि त्यात त्याचीही बचत आहे. जे ज्याच्या आवाक्यात आहे ते त्याचे स्वतःचे ओझे. ते दुसऱ्यावर टाकू नये. जे एकट्याच्या आवाक्याबाहेर आहे ते सर्वांचे. ते एकट्यावर टाकू नये. सारा वाद मिटविण्याइतका हा भेद सोपा आहे आणि तोच सर्वांत अधिक विसरला जातो.

सर्वांचे ओझे कोठून उचलण्यास सुरुवात करावी, याचे उत्तर शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. नगर जिल्ह्याने देशाला पाणलोटाची विद्या शिकविली. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाकर यांनी आपले आयुष्य या जिल्ह्याच्या मातीला वाहिले आणि त्यांच्या प्रेरणेने १९९३ साली ‘वॉटर’ या नावाने ओळखली जाणारी पाणलोट विकास संस्था उभी राहिली. या साऱ्या कामाचे सूत्र एकच होते: माथा ते पायथा. डोंगराच्या माथ्यावर आधी चर खणायचे, तेथे पाणी थोपवायचे, मग टप्प्याटप्प्याने खाली यायचे. नाल्यातच आधी बांध घातला तर वरून आलेला गाळ त्याला एका पावसाळ्यात भरून टाकतो. पायथ्याशी असलेल्या माणसाने कितीही कष्ट केले तरी माथा उघडा असेल तर ते वाहून जातात.

या कामाने आणखी एक गोष्ट शिकविली. डोंगरावर चराईबंदी केल्यावाचून गवत वाढत नाही. पण चराई बंद झाली की पहिला घाव बसतो तो ज्याच्यापाशी चार शेळ्यांखेरीज काही नाही त्या भूमिहीनाला. पुढे विहिरीला पाणी वाढते ते जमीनवाल्याच्या. ज्या गावांनी हे ओळखले आणि भूमिहीनाला मजुरी, चारा, पर्यायी धंदा यांत आधी वाटा दिला, तेथे बंदी पाळली गेली. ज्यांनी ओळखले नाही, तेथे रात्रीच्या वेळी शेळ्या पुन्हा डोंगरावर गेल्या. त्याग लादता येत नाही. ज्याच्याकडून तो मागायचा, त्याला त्याच्या फळात आधी वाटेकरी करून घ्यावे लागते.

मालवाहतुकीला हेच सूत्र लावून पाहावे. येथे माथ्यावर कोण आहे? ज्याच्या शब्दाने माल हलतो तो. साखर कारखाना, मोठा व्यापारी, सुपे आणि नगर येथील औद्योगिक वसाहतींतील कंपन्या, निर्यातदार, आणि शासन. विजेवर चालणाऱ्या मालमोटारीची किंमत आज डिझेलच्या गाडीच्या दुपटीहून अधिक पडते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा गाड्यांसाठी ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य जाहीर केले आणि त्यासाठी जुनी मालमोटार मोडीत काढल्याच्या प्रमाणपत्राची अट घातली. योजना स्वागतार्ह आहे. परंतु उरलेली मोठी रक्कम उभी करण्याची ऐपत ज्याची आहे, त्यालाच ती गाठता येते. एक गाडी असलेल्या माणसाला साहाय्यापेक्षाही अधिक गरज आहे ती खात्रीची. पाच वर्षे इतका माल, या दराने, या मार्गावर मिळेल, असा लेखी शब्द एखाद्या कंपनीने दिला तर बँक त्याला कर्ज देईल आणि आठ-दहा मालक मिळून संघही काढू शकतील. सहकाराचा जिल्हा म्हणविणाऱ्यांना ही कल्पना अवघड वाटू नये.

उसाची वाहतूक कमी अंतराची, ठरलेल्या मार्गाची व रोजच्या रोज कारखान्यात परतणारी असल्याने विजेच्या गाडीला सोयीची दिसते. पण हंगाम चार-पाच महिन्यांचा, उरलेले महिने ती महागडी गाडी काय करील, हा प्रश्न मालकावर सोपवून कारखान्याने मोकळे होता कामा नये. शिवाय आपल्या देशातील विजेपैकी सुमारे ७० टक्के वीज अजून कोळशापासून होते. गाडी विजेची झाली म्हणजे धूर गावातून उठून दूरच्या औष्णिक केंद्राकडे गेला, इतकेच घडू नये यासाठी सूर्य आणि वारा यांची वीज वाढली पाहिजे. सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतातच.

लांबच्या मालासाठी मात्र रेल्वेसारखा उपाय नाही. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यास रेल्वेला मालमोटारीपेक्षा कित्येक पटींनी कमी इंधन लागते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ पासून आपल्या जिल्ह्याच्या मधून जातो. ऑगस्ट २०२० मध्ये सांगोल्याहून याच मार्गाने किसान रेल्वे सुरू झाली, नगर व कोपरगाव येथे ती थांबू लागली आणि शेतमालाच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली. पुढे ती व्यवस्था टिकली नाही. जोवर सवलत तोवर गाडी, असा धडा त्यातून घ्यायचा नाही. महामार्गावर शासन जे कोट्यवधी रुपये खर्च करते ती मालमोटारीला दिलेली सवलत आहे, पण तिला आपण सवलत म्हणत नाही, हा खरा धडा आहे.

आणि आपण? ताटात कांदा, चहात साखर, अंगावर कापड, घराला सिमेंट. यांतील प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी रात्रीच्या जागरणाने आपल्या दारी आली आहे. आपण गाडीत बसलो नाही, पण ती आपल्यासाठी निघाली. आपल्या संस्था, शाळा, वसतिगृहे, रुग्णालये धान्य, भाजी, इंधन विकत घेतात. माल जवळचा मिळत असता दूरचा का आणतो, चार फेऱ्यांचा माल दोन फेऱ्यांत येईल का, स्वच्छ वाहतुकीसाठी थोडे अधिक भाडे आपण होऊन देऊ का, असे प्रश्न खरेदीच्या बैठकीत निघू शकतात. वर्षाकाठी कुटुंबामागे नऊ रुपयांचा हिशेब वर मांडला आहे. तो प्रत्येक वस्तूला लावला तरी शहरातील मध्यमवर्गीय घराला न पेलणारी रक्कम होईल असे वाटत नाही. अडचण रकमेची फारशी नाही. ती रक्कम आपली आहे असे मानण्याची आहे.

तेव्हा कर्बवायू घटविण्याच्या प्रत्येक योजनेला आधी एकच साधा प्रश्न विचारावा: या योजनेचे ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर जाऊन थांबते? ते फडातल्या कोयत्यावर, बाजारातल्या शेतकऱ्यावर किंवा हप्ता भरणाऱ्या चालकावर थांबत असेल, तर योजना कितीही हरित असो, ती पुन्हा लिहावी. ज्यांनी माल म्हणून ज्याचा उपभोग घेतला, त्यांनी त्यातले ओझेही आपले म्हणावे. माथ्यावर पाणी अडले की पायथ्याची माती वाचते. तेथील माणूस मग आपल्या वाट्याचे काम आनंदाने करतो, हे या जिल्ह्याने एकदा करून दाखविले आहे.